घटक ६ : घराण्याचा इतिहास : नावांचा शोध आणि नोंदींचे वाचन

६.० उद्दिष्टे

या घटकाच्या अध्ययनानंतर आपणांस घरातील वयोवृद्ध व्यक्तींकडून वंशविषयक माहिती पद्धतशीरपणे संकलित करता येईल. जुन्या कागदपत्रांतील नामरूपे व नातेदर्शक संज्ञा ओळखता येतील. आणि मिळालेली माहिती इतरांना पडताळून पाहता येईल अशा रीतीने लिहून ठेवता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोलीच्या अभ्यासासाठी क्षेत्रकार्य कसे करावे, याची पद्धत आपण मागील घटकात पाहिली. ती पद्धत आता आपण स्वतःच्या उंबरठ्याच्या आत वापरणार आहोत. घराण्याचा इतिहास हा तर इतिहासाचा विषय, तो भाषेच्या पुस्तकात कशासाठी, असा प्रश्न तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. त्याचे उत्तर सोपे आहे. घराण्याचा शोध म्हणजे बहुतांशी नावांचा शोध, आणि कागदावरचे नाव म्हणजे साक्षात माणूस नव्हे. कोणीतरी उच्चारलेले, दुसऱ्या कोणीतरी ऐकलेले आणि आपल्या सवयीच्या लिपीत, आपल्या कामापुरते उतरवलेले ते एक भाषिक रूप असते. हे तिघे कोण होते आणि ते काम कोणते होते, हे कळल्याशिवाय नोंद वाचता येत नाही.

वंशावळ हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर छापील कुलवृत्तांत येतो. कोकणातील चित्पावन घराण्यांनी विसाव्या शतकात असे कुलवृत्तांत मोठ्या संख्येने प्रसिद्ध केले आणि त्यामागचे परिश्रम निःसंशय आदरणीय आहेत. परंतु वंशावळ लिहिण्याची मूळ गरज कौतुकाची नव्हती, भांडणाची होती. वतनाचा वाद दिवाणात गेला की वादी आपला करीना, म्हणजे हकिकत, लिहून देई आणि मूळपुरुषापासून आपल्यापर्यंतच्या पिढ्या मांडी. ज्याच्याकडे वतन, खोती किंवा देशमुखी, त्याच्याकडे वंशावळ. खोताच्या जमिनीत राबणाऱ्या कुळाला, खाडीत जाळे टाकणाऱ्याला किंवा गावकुसाबाहेर राहणाऱ्याला तिची गरज कोणी भासू दिली नाही. आता चित्र उलटे झाले आहे. जातवैधता प्रमाणपत्रासाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते आणि जुन्या वास्तव्याचे व जातीचे पुरावे मागितले जातात. त्यासाठी अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींना २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७ हे दिनांक महत्त्वाचे ठरतात. ज्यांच्या पूर्वजांचे नाव कोणी नीट लिहिले नाही, त्यांच्याच नातवंडांना आज ते शोधत हिंडावे लागते. तुमच्यापैकी अनेकजण या कामाला लागलेले असतील. तेव्हा हा घटक केवळ परीक्षेपुरता वाचू नये.

६.२ आधी माणसे, मग कागद

कागद कपाटात थांबतो, माणूस थांबत नाही. म्हणून तहसील कचेरीच्या वाटेला लागण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ बसा. वही घ्या, आणि परवानगी असेल तर भ्रमणध्वनीवर आवाज मुद्रित करा. पहिल्याच बैठकीत ‘तुमच्या आजोबांचे नाव काय?’ असे विचारू नये. असा प्रश्न शाळा तपासनिसाचा वाटतो आणि उत्तरही तसेच आखडते मिळते. घराच्या जागेवरून, विहिरीवरून, शिमग्यातील पालखी आधी कोणाच्या अंगणात येते यावरून बोलणे सुरू करावे. पालखीच्या वाटेत आणि मानपानाच्या क्रमात गावातील घराण्यांचा क्रम दडलेला असतो.

सन विचारून मिळत नाही. प्रसंग विचारून मिळतो. १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्याकडे ‘मानमोडी’ म्हणत. ‘आजा मानमोडीत गेला’ हे एक वाक्य जन्म-मृत्यूच्या वहीतील शोध एका वर्षावर आणून ठेवते. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली; ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि चिपळूण-संगमेश्वरकडची घरे हादरली. ‘तेव्हा तुम्ही केवढ्या होता? लग्न झाले होते का? कडेवर कोण होते?’ या तीन प्रश्नांनी जे साधते, ते जन्मतारीख विचारून साधत नाही. जन्मतारखेचीही एक गंमत ध्यानात ठेवा. जुन्या पिढीतील असंख्य माणसांचा वाढदिवस १ जून हा असतो. ती तारीख आईने सांगितलेली नाही. जूनमध्ये शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजाने लिहिलेली आहे. वंशावळीत ती लिहावी, पण ‘शाळेच्या नोंदीप्रमाणे’ असे शेजारी लिहिल्याशिवाय नाही.

स्त्रियांशी बोलताना एक वेगळीच अडचण येते आणि भाषेच्या अभ्यासकाने तिच्याकडे विशेष लक्ष द्यावे. सुनेने पतीचे, सासऱ्याचे, थोरल्या दिरांचे नाव तोंडाने घेऊ नये हा संकेत आपल्याकडे फार बळकट होता. त्यामुळे आजी ‘मामंजी’, ‘थोरले’, ‘तिकडचे’ असे म्हणत राहते आणि तासभर बोलूनही एकही विशेषनाम तुमच्या वहीत पडत नाही. आग्रह करू नका. ‘त्यांचे नाव आता घरात कोणाला ठेवले आहे?’ असे विचारा. नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची चाल असल्यामुळे ती सहज नातवाकडे बोट दाखवते. हीच चाल पुढे गोंधळही करते, कारण एकाआड एक पिढीत तेच नाव येते आणि आजोबा व नातू एकच माणूस समजले जातात.

‘मामंजी’ हा शब्दही थोडा थांबून पाहण्यासारखा आहे. सासऱ्याला मामा आणि सासूला आत्याबाई म्हणण्याची रीत मामे-आते भावंडांतील विवाहाची आठवण भाषेत जपून ठेवते. मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रातील अनेक जातींत होती आणि आजही आहे. इरावती कर्वे यांनी भारतातील नातेसंबंधांवरील आपल्या १९५३ च्या ग्रंथात या प्रश्नाचा प्रदेशवार विचार केला आहे. मात्र आजीने सासऱ्याला ‘मामा’ म्हटले म्हणून तो तिचा सख्खा मामा होता, असा निष्कर्ष काढू नका. तो होताही असेल. म्हणूनच विचारा.

भावकी नेमकी कोठपर्यंत, हे सांगणारे एक मौखिक साधन फारसे कोणी वापरत नाही : सुतक. ‘खालच्या वाडीतल्या अमुक घरी कोणी गेले तर तुम्हांला सुतक येते का? दहा दिवसांचे, तीन दिवसांचे, की नुसती आंघोळ?’ जेथे पिढ्यांची नावे विसरली गेली आहेत, तेथेही हे उत्तर लोक चटकन देतात. दोन घरांचा मूळपुरुष एक असल्याची पुसट स्मृती त्या आंघोळीत शिल्लक असते.

६.३ एकाच माणसाची अनेक नावे

नाव हा या शोधातला खरा पेच. रत्नागिरी जिल्ह्याशी संबंधित दोन सर्वपरिचित उदाहरणे घेऊ. २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत एका शिक्षकाच्या घरी जन्मलेल्या मुलाचे ठेवलेले नाव केशव. घरात त्याला बाळ म्हणत. पुढे ‘बाळ गंगाधर टिळक’ हेच नाव जगाला माहीत झाले आणि केशव हे नाव चरित्राच्या पहिल्या पानापुरते उरले. दुसरे उदाहरण मंडणगड तालुक्यातील आंबडवे या गावचे. सकपाळ घराण्यातील सुभेदार रामजींच्या मुलाने ७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेत प्रवेश घेतला. तेथील रजिस्टरात १९१४ या क्रमांकावर नाव आहे ‘भिवा रामजी आंबेडकर’. भिवा हे घरचे नाव. आडनाव गावावरून आलेले. आता कल्पना करा, की हा मुलगा पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकर झाला नसता आणि त्याचा एखादा पणतू ‘भीमराव सकपाळ’ हे नाव घेऊन ते रजिस्टर चाळत बसला असता. त्याने पाने उलटली असती आणि ‘नोंद आढळत नाही’ असे लिहून घेऊन तो घरी परतला असता. नोंद मात्र त्याच्यासमोरच होती.

म्हणून शोधाला निघण्यापूर्वी प्रत्येक पूर्वजाच्या नावाची जितकी रूपे संभवतात, तितकी लिहून काढावीत. विठ्ठलाचा विठू, विठोबा, इठू होतो, विश्रामाचा इसराम, लक्ष्मणाचा लखू, लक्षुमण. शब्दारंभीच्या ‘वि’चा ‘इ’ होणे ही बोलीतील नियमित प्रवृत्ती आहे. ती ‘अशुद्ध लेखन’ म्हणून सोडून देऊ नये. उलट अशी नोंद सापडली तर आनंद मानावा, कारण लिहिणाऱ्याने तेथे ऐकलेले लिहिले आहे, स्वतःचे शुद्धलेखन पाजळलेले नाही.

काही नावे घरातली एखादी न सांगितलेली गोष्ट सांगतात. धोंडू, भिकू, केरू ही नावे पुष्कळदा आधीची मुले दगावल्यानंतर झालेल्या मुलाला, त्याला दृष्ट लागू नये म्हणून ठेवली जात. प्रत्येक वेळी तसेच असेल असे नाही. पण वंशावळीत धोंडू दिसला, तर त्याच्या आधी रिकाम्या राहिलेल्या जागांची चौकशी करावी. ती मुले कोणत्याही प्रतिज्ञापत्रात येणार नाहीत.

आडनावांविषयी इतकेच सांगतो की, ते कायमचे असते हा समज सोडून द्यावा. एकाच मूळपुरुषाची एक शाखा गावात पूर्वीचे आडनाव लावते, मुंबईला गेलेली शाखा गावाच्या नावाला ‘कर’ जोडते आणि गावकीचा अधिकार मिळालेली तिसरी शाखा ‘खोत’ किंवा ‘देसाई’ होते. रत्नागिरी जिल्ह्यातील हजारो घरांतून माणसे गिरणगावात गेली. तेथे खात्यावर नाव चढवताना ‘गाव कोणता?’ या प्रश्नाचे उत्तरच अनेकांचे आडनाव झाले असावे, असे मला नोंदी चाळताना वारंवार वाटले आहे. गिरणी कामगाराच्या घरी जुना पास, भविष्य निर्वाह निधीची पावती किंवा विमा योजनेचे ओळखपत्र असेल तर ते जपून ठेवा. त्यावरचे नाव गावच्या नोंदीतल्या नावापेक्षा वेगळे असेल, तर ते अधिकच जपून ठेवा.

६.४ नोंदी कोठे आढळतात

प्राथमिक शाळेचे जनरल रजिस्टर हे पहिले ठिकाण. अनेक खेड्यांतील शाळा शतकाहून जुन्या आहेत आणि तेथे नाव, वडिलांचे नाव, जात, जन्मगाव एकाच ओळीत मिळते. दुसरे ठिकाण जन्म-मृत्यूची जुनी वही, म्हणजे गाव नमुना क्रमांक १४. तिला लोक ‘कोतवाल बुक’ म्हणतात. येथे नवख्या अभ्यासकाची निराशा होते, कारण जन्माच्या नोंदीत बाळाचे नावच नसते. वर्दी बारशापूर्वी दिली जाई. म्हणून नुसते ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचे नाव आणि जात. त्यामुळे शोध बाळाच्या नव्हे, बापाच्या नावाने करावा.

जमिनीच्या नोंदी सर्वांत चिवट. सातबारा आज दिसतो तो शेवटचा थर. त्याखाली फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, आणि वारसनोंदी, म्हणजे ६-क, असे थर असतात. सातबाऱ्यावरील फेरफाराचे वर्तुळातले क्रमांक टिपून घ्यावेत आणि एकेक फेरफार मागत मागे जावे. कोणी मेल्याखेरीज वारसनोंद होत नाही. म्हणजे प्रत्येक वारसनोंद हे घरातील एका मृत्यूचे आणि त्या दिवशी हयात असलेल्यांचे चित्र असते. खोती गावांत, तुमचे पूर्वज कुळे असतील, तर नाव खोताच्या नावाखाली दडलेले असू शकते. १९४९ च्या खोती निर्मूलन कायद्यानंतर आणि कुळकायद्यानंतर अशी पुष्कळ नावे प्रथमच वर आली.

यांखेरीज त्र्यंबकेश्वर, नाशिक, पंढरपूर, काशी, गया येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या आहेत. यात्रेकरू आपल्या हाताने किंवा उपाध्यायाकडून आपली, भावांची, मुलांची नावे लिहून ठेवी. ज्यांना तीर्थयात्रा परवडली आणि ज्यांना तेथे प्रवेश मिळाला, त्यांच्यापुरते हे साधन अमूल्य आहे.

एक व्यावहारिक सूचना : १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा झाला. त्यापूर्वीच्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असे दिसले म्हणून गाव आजच्या रत्नागिरी जिल्ह्यातच शोधू नये. तो मालवणचा किंवा कणकवलीचाही असू शकतो.

६.५ मोडी, बिन आणि कोम

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंतच्या पुष्कळ नोंदी मोडीत आहेत. २०२३ मध्ये कुणबी नोंदींच्या शोधासाठी न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांची निकड एकाएकी सर्वांना जाणवली. लिपी शिकण्यास घाबरू नका. पुराभिलेख विभागाचे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळाचे मोडीचे वर्ग अनेकांनी पूर्ण केले आहेत. नित्य सरावाने काही आठवड्यांत अक्षरे लागू लागतात. अवघड असते ते निराळेच. मोडीत शिरोरेषा आधी आखून अक्षरे तिला अखंड लटकवतात, शब्द तोडत नाहीत आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. त्यामुळे एक नाव कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हे व्याकरणानेच ठरवावे लागते.

त्यासाठी काही छोटे शब्द ओळखीचे असावेत. ‘बिन’ किंवा ‘वलद’ म्हणजे अमक्याचा मुलगा. दोन्ही शब्द अरबीतून आलेले. ‘कोम’ म्हणजे अमक्याची बायको. ‘मौजे’ म्हणजे गाव आणि ‘तर्फ’ म्हणजे गावांचा महसुली गट. ‘राघू बिन सोनू’ असे लिहिलेले ‘राघू, बिनसोनू’ असे वाचून नवीनच पूर्वज निर्माण करणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. प्रारंभी मीही ते केले आहे.

कालगणनेचा प्रश्नही भाषेचाच आहे. शके असेल तर ७८ मिळवावेत आणि वर्षाअखेरच्या महिन्यांसाठी ७९. शुहूर सन मात्र अरबी संख्यावाचकांत लिहिलेला असतो आणि एककापासून वर चढतो. ‘समान सितैन मया व अलफ’ म्हणजे आठ, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६८. त्यात ५९९ मिळवले की इ. स. १७६७ येते, हे वर्ष मृगाच्या सुमारास सुरू होत असल्यामुळे पुढील जानेवारीपासूनच्या नोंदींसाठी ६०० मिळवावेत. कोकणातल्या एखाद्या वाड्यातला कारकून अरबीचा एक शब्दही न जाणता हे आकडे बिनचूक लिहीत होता, याचे मला अजूनही कौतुक वाटते.

६.६ ‘इतर हक्क’

आमच्या घरी माजघराच्या भिंतीवर एक वंशावळ टांगलेली होती. अकरा पिढ्या, सुबक बाळबोध अक्षर, आणि एकही स्त्री नाही. मुले जणू झाडाला फुटावीत तशी बापाला फुटलेली. मी भाषाशास्त्रात विद्यावाचस्पती झालो, नातेवाचक शब्दांवर वर्गात तासन्‌तास बोललो, तरी भिंतीवरच्या त्या कागदातली उणीव माझ्या ध्यानात आली नाही. ती दाखवून दिली एका फेरफाराने.

पणजोबांच्या निधनानंतरची वारसनोंद मी सहज मागवली होती. हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये झाला आणि त्यानंतरच्या अशा नोंदींत मुलींची नावे येऊ लागली. आमच्या नोंदीत आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि चौथे एक स्त्रीनाम होते. वडिलांना विचारले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘ती आत्या. मागल्या पडवीत असायची. आम्ही तिला माई म्हणायचो.’ नाव त्यांना ठाऊक नव्हते. बालविधवा होऊन माहेरी परतलेली, त्याच घरात चाळीसेक वर्षे राबलेली ही बाई. तिचे नाव तिच्या सख्ख्या भाच्याला तलाठ्याच्या अक्षरातून कळले. पुढचा फेरफार पाचच महिन्यांनी झालेला. त्यात तिचे हक्कसोडपत्र नोंदले होते. मूळ दस्ताची नक्कल काढली, तेव्हा तिच्या नावापुढे डाव्या हाताच्या अंगठ्याचा ठसा होता. तिने मागे ठेवलेली तेवढीच एक खूण.

हे उदाहरण मी हेतुतः सांगितले. वंशावळींत स्त्रिया नसतात. परंतु नोंदींत त्या असतात, आणि बहुधा हक्क सोडण्याच्या क्षणी असतात. सातबाऱ्याचा ‘इतर हक्क’ हा रकाना, हक्कसोडपत्रे, पोटगीचे करार, जुन्या कागदांतील ‘कोम’ हा शब्द, इत्यादी ठिकाणी त्यांना शोधावे. लग्नात नाव बदलण्याच्या चालीमुळे माहेरच्या नोंदीत एक आणि सासरच्या नोंदीत दुसरे नाव सापडेल. दोन्ही लिहावीत. शक्य असेल तेथे माहेरचे गाव लिहावे, कारण तो धागा दुसऱ्या घराण्याच्या कागदांकडे नेतो. माईंचे नाव मात्र मी येथे देत नाही. घरातील काही मंडळींची तशी इच्छा आहे आणि ती पाळणे हाही या अभ्यासाचा भाग आहे. भिंतीवरच्या कागदात ते आता आहे.

६.७ समुद्रापलीकडची नोंद

ऐकणारा आणि बोलणारा यांची भाषा एकच असली तरी इतका गोंधळ होतो. मग ती निराळी असली तर काय होत असेल? याचे उत्तर मॉरिशसमध्ये मिळते. १८३४ नंतरच्या सुमारे पाऊण शतकात साडेचार लाखांहून अधिक भारतीय मजूर करारावर त्या बेटावर गेले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातील मराठी माणसे होती. पोर्ट लुईच्या ज्या धक्क्यावर मजूर उतरत, तो आप्रवासी घाट २००६ पासून जागतिक वारसास्थळ आहे आणि मजुरांची रजिस्टरे मोका येथील महात्मा गांधी संस्थेत जतन केली आहेत. त्यांत क्रमांक, जहाज, नाव, बापाचे नाव, वय, उंची, जात, गाव अशी माहिती आहे आणि १८६० नंतरच्या दशकापासून काहींची छायाचित्रेही आहेत. आपल्या गावातील त्या काळच्या कोणत्याही कुळाविषयी एवढी माहिती रत्नागिरीत मिळणार नाही. मजुराची उंची मोजण्यात कोणाचा स्वार्थ होता, हे विसरू नये. पण नोंद राहिली हे खरे.

अडचण नावाची. लिहिणारा इंग्रजी किंवा फ्रेंच वळणाचा. फ्रेंचमध्ये ‘ह’ उच्चारला जात नाही, महाप्राण व मूर्धन्य व्यंजने नाहीत, ‘ळ’ तर नाहीच. अशा कानाला भिकाजीचा बिकाजी, धोंडूचा दोंदू आणि बाळाचा बाला ऐकू येणार. रत्नागिरीचे त्या काळातील इंग्रजी लेखनच ‘रटनाघेरी’ असे काहीसे वाचले जाई. गाव विचारले तर मजूर वाडीचे किंवा कोंडाचे नाव सांगणार. आणि ‘कोंड’ हा शब्द जिल्ह्याबाहेरच्या माणसाला कळणार नाही. शिवाय आडनाव विचारण्याची पद्धत नव्हती. पहिल्या माणसाचे किंवा त्याच्या बापाचे नाव हेच पुढे कुटुंबाचे आडनाव झाले. म्हणून तेथे सखाराम, बाबाजी, पांडू ही आडनावे आढळतात. असा कोणी पाहुणा तुमच्या गावात येऊन ‘येथे सखाराम आडनावाचे लोक कोठे राहतात?’ असे विचारू लागला, तर हसू नका. त्याला बसवा, रजिस्टरातील गावाचे नाव मोठ्याने वाचायला सांगा आणि लिहिलेले न पाहता नुसते ऐका. कागदावर न लागणारे गाव कानाला पुष्कळदा लागते. मार्च २०२४ मध्ये भारताच्या राष्ट्रपतींनी मॉरिशस-भेटीत तेथील भारतीय वंशाच्या सातव्या पिढीपर्यंत परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचे कार्ड देण्याची घोषणा केली आहे. त्यामुळे असे पाहुणे वाढण्याचा संभव आहे.

६.८ लेखन आणि जतन

मिळालेली प्रत्येक माहिती तीन गोष्टींसह लिहावी : कोणी सांगितली किंवा कोणत्या कागदात मिळाली, केव्हा, आणि मूळ रूप काय होते. ‘इठू’ असे लिहिलेले असेल तर वहीत ‘इठू’च लिहावे, ‘बहुधा विठ्ठल’ हे तुमचे मत कंसात. दोन साधनांत विरोध असेल तर एकाला खोटे ठरवण्याची घाई करू नये, दोन्ही नोंदवावीत. आणि जेथे माहिती नाही तेथे जागा रिकामी सोडावी. ‘आमचे मूळपुरुष अमक्या राजाबरोबर आले’ ही कथा बहुतेक घरांत असते. ती जरूर लिहावी, पण कथा म्हणून, वेगळ्या पानावर.

मूळ नोंदीवर पेन टेकवू नये. शिसपेनाची खूणसुद्धा नको. आपल्या सोयीचे एक अक्षर जुन्या पानावर वाढवण्याचा मोह काहींना होतो. शाईचा फरक तपासणाऱ्याच्या चटकन लक्षात येतो आणि त्या एका अक्षरापायी भावकीतील सर्वांचेच अर्ज संशयात सापडतात.

कोकणच्या दमट हवेत कागदाचे शत्रू पुष्कळ. इतिहासाचार्य राजवाडे घरोघर हिंडून दप्तरे गोळा करीत, तेव्हा वाळवीने आणि रद्दीवाल्याने त्यांच्या आधी मजल मारलेली असे. जुने कागद प्लास्टिकमध्ये बंद करून लॅमिनेट करू नयेत, चिकटपट्टी लावू नये. सुती रुमालात सैल बांधावेत, पावसाळ्यानंतर सावलीत उघडून ठेवावेत, आणि त्याआधी त्यांची स्वच्छ छायाचित्रे घेऊन एक प्रत दुसऱ्या गावातील नातलगाकडे द्यावी. हयात व्यक्तींचे आजार, दत्तकविधान, सोडलेली लग्ने यांविषयी कळलेले सारेच लिहून वाटायचे नसते. ज्याची गोष्ट आहे त्याला आधी विचारावे.

स्वाध्याय

१. आपल्या घरातील किंवा शेजारातील सत्तरी ओलांडलेल्या एका स्त्रीशी दोन बैठकींत संवाद साधा. नाव टाळण्यासाठी तिने वापरलेले पर्यायी शब्द नोंदवा आणि त्यांचे वर्गीकरण करा.

२. आपल्या पणजोबांच्या नावाची संभाव्य बोलीरूपे व लेखनरूपे लिहून काढा आणि प्रत्येक रूपामागील ध्वनिपरिवर्तन स्पष्ट करा.

३. आपल्या कुटुंबातील कोणतीही एक वारसनोंद किंवा शाळेच्या रजिस्टरातील नोंद मिळवा. ती कोणी सांगितली असेल, कोणी लिहिली असेल आणि कोणत्या कामासाठी, याविषयी दोन पाने लिहा.

४. आपल्या आईच्या आईचे, तिच्या आईचे आणि तिच्याही आईचे माहेरचे नाव व माहेरचे गाव शोधा. जेथे शोध थांबेल तेथे तो का थांबला, ते लिहा. अभ्यासकेंद्रावर संपर्कसत्राला येताना हा कागद सोबत आणावा.